नुसतं बघून गेलेली

"बाई, तुम्ही स्वतः ते 'मला मान्य आहे' वाचून दाबता का?"

हा प्रश्न भर सभागृहात विचारायची माझी छाती नाही, असं माझ्या दोन मैत्रिणींचं ठाम मत होतं. एक चिमणी, जिचा आवाज नावाप्रमाणे आणि भूक वाघाची. दुसरी वकील, जी 'खिडकी उघडू का' यावरही दोन बाजू मांडते. मला दोघी भोंगा म्हणतात. गेल्या वर्षापर्यंत तो टोमणा होता, कारण मी वर्गात हजेरीपुरतंच तोंड उघडायचे. या वर्षी मात्र माझा आवाज मला सापडला आणि आता तो मला आवरत नाही. त्यामुळे पैज लावायच्या आधीच मी उभी राहिले होते.

सभागृह खो खो हसलं. इंटरनेट आणि आपली खासगी माहिती या विषयावर बोलायला आलेल्या पाहुण्या बाईसुद्धा हसल्या आणि चक्क नाही म्हणाल्या. त्या स्वतः साइट बनवायच्या, तरी ती लांबलचक पानं त्या वाचत नाहीत. फक्त एक गोष्ट शोधतात, म्हणाल्या. आपण इथे येऊन गेलो हे ही साइट आणखी कोणाला सांगते. मग त्यांनी समजावून सांगितलं. समजा तुम्ही बुटांच्या दुकानात शिरलात, एक जोड बघितला आणि काही न घेता बाहेर आलात. आता एक माणूस तोच जोड हातात धरून तुमच्या मागे चालायला लागतो. बसमध्ये चढतो, घरी येतो, जेवताना शेजारी बसतो. त्याला दुकानदारानेच पाठवलेलं असतं. इंटरनेटवर हा माणूस दिसत नाही, फक्त बूट दिसत राहतात.

मी खाली बसले तेव्हा सगळ्या रांगा वळून माझ्याकडे बघत होत्या. ते सुख मला पुरतं अनुभवताही आलं नाही. कारण लगेच महाराणी उठली.

महाराणी हे नाव मी ठेवलंय आणि ते फक्त माझ्या डोक्यात चालतं. बाकी शाळा तिला कौतुकाने हाक मारते. तिने हळू आवाजात विचारलं, "एखाद्या साइटने आपल्याला विसरून जावं असं वाटलं, तर काय करायचं?"

कोणी हसलं नाही. पाहुण्या बाईंनी चष्मा काढला, हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे म्हणाल्या आणि पुढचा सगळा वेळ त्यावरच बोलत राहिल्या. माझा प्रश्न बिचारा गमतीत जमा झाला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ती वाईट असती तर किती सोयीचं झालं असतं. पण ती वाईट नाही. तिचं अक्षर छापल्यासारखं, ती वही मागितली तर देते, आणि बोलायला लागली की शिक्षकसुद्धा खडू खाली ठेवतात. आंतरशालेय वादविवादाच्या संघात आम्ही दोघी. विषय होता, इंटरनेटवर खासगी असं काही उरलंय का. ती पहिली वक्ती, मी दुसरी. पहिली वक्ती म्हणजे मुद्दा मांडणारी. दुसरी म्हणजे मागून झाडू मारणारी. वादविवादाच्या बाईंनी हे इतक्या गोड शब्दांत सांगितलं होतं की भांडायलाही जागा ठेवली नाही.

आणि तिचे केस. दाट, काळे, कमरेखाली पोचलेले. ती चालताना वेणी अशी हलायची की वाटावं, वेणीची पण शाळेत वेगळी हजेरी लागत असावी. मध्यंतरी तिने भांग उजवीकडून डावीकडे नेला आणि वेणीच्या जागी सगळे केस वर घेऊन बांधायला लागली. आठवडा गेला नाही तोच निम्म्या वर्गाचे भांग डावीकडे. मी घरी आरशासमोर उभी राहून ठरवलं की आपण मुळीच नाही बदलायचा. दुसऱ्या दिवशी माझाही डावीकडे होता. चिमणीने बघितलं आणि काही बोलली नाही, यावरून समजा मी किती वाईट दिसत होते.

केसांचं मला जरा जास्तच लागतं, त्याला कारण आहे. माझी आई विग बनवते. आई शिवणकाम करते असं मी शाळेत सांगायचे, आणि ते अगदीच खोटं नाही, कारण सुई हातात असतेच. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आई लाकडी डोक्यावर जाळी ताणून बसते आणि बारीक आकडीने एकेक केस जाळीत गाठवते. मला एकदा बसवलं होतं. मी तळहाताएवढा तुकडा करता करता रडले आणि तो तुकडाही आईने नंतर उसवला.

आईच्या दुकानाला पाटी नाही. गिऱ्हाईक मागच्या बोळातून येतं, पडद्याआड बसतं, आणि बाबा तयार विग साध्या खोक्यातून पोचवतात, ज्यावर कसलंही नाव नसतं. सगळ्यात मोठा नियम म्हणजे रस्त्यात गिऱ्हाईक भेटलं तर आपण ओळख दाखवायची नाही. त्यांनी दाखवली तर हसायचं, नाहीतर दुकानांच्या काचा बघत पुढे जायचं. लहानपणी एका आजींना मी रस्त्यात हात केला, तर आईने घरी येईपर्यंत माझ्याशी अबोला धरला होता.

अशा या दुकानाची साइट माझ्या आतेभावाने बनवली. तो माझा दादा, आणि महाराणीनंतर माझ्या पोटदुखीचं दुसरं कारण. तो संगणकाचं शिकतो. बाबांच्या तोंडी दिवसभर दादा. दादाकडून शिक, दादासारखं बस, दादा बघ कसा कमी बोलतो. साइट आल्यापासून ऑर्डरी खरंच वाढल्या. पुढच्या खोलीत मोठी खिडकी आली, आईला पांढऱ्या उजेडाचा चांगला दिवा आला, आणि तिचे डोळे संध्याकाळी लाल व्हायचे थांबले. त्या दिव्याबद्दल दादाला दोष देता येत नाही, याचाही मला राग यायचा.

तर, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात वाचनालयाच्या खोलीत आमचा सराव होता. बाई, आम्ही दोघी, आणि श्रोते म्हणून चिमणी, वकील आणि आमच्या वर्गातली दहाबारा टाळकी. महाराणीने घरचा लॅपटॉप आणला होता. पडद्यावर ती एक बातमी दाखवणार होती. तिने पान उघडलं, बोलायला सुरुवात केली, आणि बातमीच्या शेजारी एक चित्र हळूहळू उमटलं. भिंतीवर ते दरवाजाएवढं दिसत होतं.

हिरवं कापड. त्यावर टवका उडालेल्या नाकाचं लाकडी डोकं. त्या डोक्यावर छोटासा विग. खाली अक्षरं होती. "चाई झाकली जाईल, कोणाला कळणारही नाही. परत या, तुमच्यासाठी ठेवते."

ते नाक मी फोडलं होतं, लहानपणी, चेंडूने.

कोणीतरी फिसकन हसलं. एकाने विचारलं, चाई म्हणजे काय. दुसऱ्याने डोक्यावर बोटाने गोल काढून दाखवला, म्हणाला, इथले केस गोलच्या गोल गायब होतात, माझ्या मामांना झाली होती. मग वकील म्हणाली, कारण तिला गप्प बसवत नाही, की पाहुण्या बाई म्हणाल्या होत्या ना, बघितलेलेच बूट मागे येतात, मग हा लॅपटॉप कोणाचा?

मी महाराणीकडे बघितलं. ती पान बंद करायला गेली आणि तिचा हात चुकून दुसरीकडेच पडत होता. आणि दुसरा हात डाव्या भांगावर गेला होता. आपोआप, जसा दुखऱ्या दातावर जातो.

तेव्हा मला सगळं कळलं. भांग का सरकला, वेणी का गेली, विसरायचा तो प्रश्न कशासाठी होता. निम्म्या वर्गाने जिची नक्कल केली ती चाई झाकायची युक्ती होती.

आता इथे मी काहीतरी उदात्त विचार केला असं सांगायला मला आवडलं असतं. माझ्या मनात आधी आलं ते असं की एक वाक्य बोलायचा अवकाश आहे आणि स्पर्धेत पहिली वक्ती मी. दुसरं आलं ते त्याहून विचित्र. सगळी खोली टक लावून तिच्याकडे बघत होती. संकटातसुद्धा तीच मधोमध, आणि मी कोपऱ्यात. मला ते सहनच झालं नाही.

"माझ्या आईची जाहिरात आहे ती," मी म्हणाले. "आई विग बनवते. मघाशी या लॅपटॉपवर मीच आमची साइट उघडून बघत होते. डोकं बघा, नाक फुटलेलं. मी फोडलंय."

झालं. सगळी तोंडं माझ्याकडे वळली. चिमणीचा आ वासलेला राहिला. ही शिवणकाम म्हणायची, असं कोणीतरी पुटपुटलं. मग प्रश्नांचा पाऊस पडला. केस कोणाचे असतात, खाज येते का, वाऱ्यात उडतो का. मी सगळ्यांची उत्तरं दिली, थोडी फुगवून. बाईंनी टेबलावर पट्टी आपटली तेव्हा कुठे सराव पुढे सरकला. महाराणीचं भाषण त्या दिवशी पडलं. माझं रंगलं. तरी मजा येईना.

वाटलं होतं, निघताना ती आभार मानेल आणि मी 'त्यात काय' म्हणेन. तसं तोंडसुद्धा तयार ठेवलं होतं. पण जिन्यात तिने मला गाठलं ते पांढऱ्या ओठांनी.

"तुझ्या आईने सांगितलं तुला?"

मी नाही म्हणाले. आई मरेल पण सांगणार नाही, आणि तू आमच्याकडे आलीस हे मला माहीतसुद्धा नाही.

"मी आलेच नाही," ती म्हणाली. "तुमच्या दुकानात मी पाऊलसुद्धा ठेवलं नाही. नुसतं बघितलं आणि बंद केलं."

मग कठड्याला टेकून तिने बाकीचं सांगितलं, माझ्याकडे न बघता. घरी अजून कोणाला माहीत नाही. तिच्या आईचं नुकतंच मोठं आजारपण झालंय, म्हणून ती सांगायची थांबली होती. घरात सगळ्यांना मिळून तो एकच लॅपटॉप. तिने एकदा आमची साइट बघितली आणि तेव्हापासून ते डोकं घरभर फिरतंय. काका हवामान बघायला बसले की डोकं. काकू भाज्या चिरायचे व्हिडिओ लावते, त्याच्या शेजारी डोकं. काकूने तर सगळे जेवायला बसलेले असताना मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, आपल्याकडे कोणाला टक्कल पडायला लागलंय. सगळे हसले. तीही हसली. विग हवा होता, पण आता त्या साइटवर परत जायची तिला भीती वाटते. आणि स्पर्धेला हाच लॅपटॉप न्यायचाय. दुसरा नाही.

मी म्हणाले, तू रडताना पण नीट दिसतेस, हे बरोबर नाही. ती एकदम हसली, नाक ओढलं, आणि मला मूर्ख म्हणाली. आमची एवढीच काय ती मैत्री. जिना उतरताना तिच्या पाठीकडे बघून मला पुन्हा जळायला झालं. चाई पडलेली असूनही तिचे केस माझ्यापेक्षा दाटच होते.

घरी पोचले तर दादा आलेला. बाबा त्याच्याकडून या महिन्याचे आकडे ऐकत होते, मुलं असावीत तर अशी, असा चेहरा करून. आई दिव्याखाली गाठी मारत होती. मी दप्तर न काढताच विचारलं की ती फुटक्या नाकाची जाहिरात लोकांच्या मागे मागे का फिरते.

दादा खूश झाला. त्याला वाटलं मी कौतुक करतेय. त्याने सांगितलं की साइटच्या प्रत्येक पानावर त्याने जाहिरात कंपनीचा एक छोटासा तुकडा बसवलाय. जो येईल त्याच्यावर खूण होते. मग तो जगात कुठलंही पान उघडो, कंपनी त्याला ओळखते आणि आपली जाहिरात दाखवते. शिवाय त्याने हुशारीने प्रकार पाडले होते. जो आजारपणातल्या विगचं पान बघेल त्याला ती जाहिरात, जो चाईचं पान बघेल त्याला चाईची. निम्म्या ऑर्डरी अशा बघून गेलेल्यांच्याच आहेत, म्हणाला.

आईची आकडी थांबली. "म्हणजे बघून गेलेल्यांच्या मागे जाते ती? मला वाटलं रस्त्यावरच्या फलकासारखी असते. सगळ्यांना दिसणारी."

"फलक कोण बघतं मामी?" दादा म्हणाला. "आणि शब्द तर तुमचेच आहेत. मी विचारलं होतं ना, काही न घेता जाणाऱ्याला तुम्ही काय म्हणता?"

मला ते आठवत होतं. आई खरंच तसं म्हणते. पडदा सरकवायच्या आधी, गिऱ्हाइकाच्या कानाशी वाकून. परत या, तुमच्यासाठी ठेवते. बायका ते ऐकून डोळे पुसतात. तेच वाक्य आता काकांच्या हवामानाशेजारी उभं होतं.

मी जिन्यातलं सगळं सांगितलं, फक्त ती कोण, हे सोडून. एक मुलगी, एक घर, एक लॅपटॉप. दादाचा चेहरा जरा उतरला, पण त्याने लगेच बाजू सावरली. आपण कोणाचं नाव घेत नाही. कंपनीला फक्त खूण कळते, माणूस नाही. त्या मुलीने 'मान्य आहे' दाबलंच असणार. आणि सगळेच करतात, मामा, सगळेच.

कंपनीला माणूस कळत नसेल, मी म्हणाले, पण काकूला कळतो.

बाबांनी हात वर केला. त्यांनी कोण आहे ही मुलगी, विचारलं. तिच्या घरी जाऊन माफी मागू, म्हणाले. म्हणजे बाबा विगवाले म्हणून तिच्या दारात जाऊन उभे राहणार होते, माफी मागायला. आईनेच त्यांना थांबवलं. मग बाबा माझ्यावर घसरले. खिडकी कुठून आली, दिवा कुठून आला, हे मला दिसतं का. जाहिरात बंद केली तर आईला पुन्हा त्या पिवळ्या बल्बखाली बसवायचं का. शेवटी त्यांनी मनातलं काढलं.

"तुला दादाचं चांगलं झालेलं बघवत नाही. दुसरं काही नाही."

दादा जमिनीकडे बघायला लागला. पूर्वीची मी असते तर आत जाऊन उशी भिजवली असती.

"नाहीच बघवत," मी म्हणाले. "तुम्ही त्याच्याकडे बघता तसं माझ्याकडे बघत नाही, त्याने मी जळते. रोज जळते. ती मुलगी आहे ना, तिच्यावर तर त्याहून जास्त जळते. तिचं वाईट व्हावं असं वाटायला मी एका पायावर तयार आहे. पण आपल्या दुकानाने ते करायला नको होतं."

आईने लाकडी डोकं फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं, जणू त्याने हे ऐकू नये. मग हळूच म्हणाली की रस्त्यात मी ज्यांना ओळख देत नाही त्यांच्या घरात मी महिनोन्महिने घुसत होते. दादा म्हणाला, मामी, तुम्ही नाही, जाहिरात. आई म्हणाली, शब्द माझे आहेत. बाबा म्हणाले, आपण या महिन्याअखेर विचार करू. दादा म्हणाला, निदान मोठी सुट्टी होईपर्यंत तरी, मागणी तेव्हाच असते. म्हणजे सगळ्यांना पटलं होतं आणि कोणीच काही करणार नव्हतं. आणि तोवर स्पर्धा होऊन जाणार होती, तोच लॅपटॉप, सरावातल्याहून मोठा पडदा, सगळ्या शाळा.

मी दप्तर खाली ठेवलं. आवाज जरा मोठाच लागला असावा, कारण शेजारच्या खिडकीचा पडदा हलला.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी म्हणाले. "स्पर्धेत मी आपल्याच दुकानाचं उदाहरण देणार. सगळ्या शाळांसमोर सांगणार की मी विगवालीची मुलगी, आमच्याकडे मागच्या दाराने या, आम्ही रस्त्यात ओळखसुद्धा दाखवत नाही, आणि आमच्या साइटवर येऊन गेलेल्यांच्या मागे मात्र आम्ही माणूस लावला होता. यापुढचं वाक्य दोन प्रकारे लिहून ठेवतेय. एकात तो माणूस आम्ही परत बोलावला, दुसऱ्यात तो अजून फिरतोय. कुठलं वाचायचं ते तुम्ही ठरवा. पण वाचणार मी आहे."